मास्तर, राजा पडला नाही

मास्तर, परवा तुमच्यासाठी आमच्या अंगणात बसायला आलेल्या माणसांना मी सांगितलं, की आल्फ्रेड राजाच्या डोळ्यात बाण घुसला आणि तो रणात मेला. कोणीतरी विचारलं होतं, मास्तर शाळेत नेमकं शिकवायचे काय. आणि मला तुम्ही ओळखताच, एकदा विचारलं की मला थांबता येत नाही. सांगून झालं आणि मी जरा थांबलो. सवयीनं थांबलो. आता मागून आवाज येणार, "दाजी, तो हॅरॉल्ड. आल्फ्रेडनं भाकरी जाळल्या."

आवाज आला नाही. माणसं माना हलवत राहिली. एक म्हातारा म्हणाला, "बापा बापा, डोयातच?" आणि त्यानं आपल्या डोळ्याला हात लावला. म्हणजे आता तो बाण आल्फ्रेडच्याच डोळ्यात राहणार, काढायला कोणी उरलं नाही. तुम्ही गेलात हे मला तेव्हा कळलं. खांदा दिला तेव्हा नाही, आंघोळ करून आलो तेव्हाही नाही.

आणि कळलं तसा राग आला. तो अजून उतरलेला नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, ते इतरांनी पुष्कळ बोलून ठेवलंय. मी भांडायला बसलोय.

तुमची माझी खरी ओळख जळलेल्या भाकरीवर झाली. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही बहिणीकडे आला होता. सरू तव्यावर भाकर टाकून विहिरीवर गेली आणि जाताना तुम्हाला बजावून गेली, "दादा, लक्ष ठेवजो." मी नवा जावई, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, शाळेत काय शिकवता. तुम्ही म्हणालात, इंग्लंडच्या जुन्या राजांचा इतिहास. मला वाटलं, एवढ्यावर संपेल. तुम्ही चुलीकडे पाठ करून आल्फ्रेडला रानावनातून पळवायला सुरुवात केली. मागं डेन लोक लागलेले, राज्य गेलेलं, अंगावर फाटकी वस्त्रं, एका गुराख्याच्या झोपडीत आसरा घेतलेला. गुराख्याची बायको राजाला ओळखत नाही. ती म्हणते, भाकरीवर लक्ष ठेव. राजा आपल्या राज्याच्या विचारात बुडालेला...

"तुमच्या दोघायच्या नाकाले काय झालं?" सरू दारात उभी होती, डोक्यावर घागर तशीच. "घर धुरानं भरून राह्यलं अन् दोघं गोष्टी सांगत बसले! एक भाकर सांभायली नाही जात, अन् म्हने मास्तर!"

तुम्ही घाबरण्याऐवजी टाळी वाजवलीत. "दाजी, अस्संच! ते बाई राजाले अस्संच बोलली!"

"राजा असो का मास्तर असो," सरू म्हणाली, "जयली ते जयली. आता तेच खाऊन घ्या."

आपण तीच खाल्ली. त्या दिवसापासून मी तुमचा विद्यार्थी झालो आणि विद्यार्थी म्हणून नापासही झालो. कारण गोष्ट मला आवडायची, पण जशी असेल तशी सांगणं माझ्या जिभेला जमायचं नाही. माझा आल्फ्रेड चुलीत हात घालून भाकर काढायचा आणि त्याचे हात भाजायचे. "हात नाही भाजले," तुम्ही म्हणायचात. "मंग त्यात मजा काय?" मी म्हणायचो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आपलं भांडण लागलं ते कॅन्यूटवरून.

विलायतेत नवा बादशहा गादीवर बसला तेव्हा तुमच्या शाळेत समारंभ झाला. पानाफुलांची तोरणं, बादशहाची तसबीर, मोठे साहेब पाहुणे. मी पेढ्यांच्या आशेनं मागच्या बाकावर बसलो होतो. शाळेचे अध्यक्ष रावसाहेब आधी बोलले. त्यांनी बादशहाच्या पुण्याईनं पाऊस पाडला, कापूस पिकवला, गावातली पटकी घालवली. सूर्य तेवढा त्यांनी स्वतंत्र ठेवला. मग ते म्हणाले, इतिहासाचे मास्तर आता इंग्लंडच्या थोर राजांविषयी दोन शब्द सांगतील.

दोन शब्द, मास्तर! आल्फ्रेडची भाकर सांगून उतरला असता तर सगळे हसत घरी गेले असते. तुम्ही कॅन्यूट काढलात. या राजाच्या दरबारात खुशामत करणारी माणसं फार, ती म्हणायची, महाराज, समुद्रही तुमचा हुकूम मानतो. ऐकून ऐकून राजा कंटाळला. म्हणाला, माझी खुर्ची समुद्राच्या काठावर मांडा. आणि इथं तुम्हाला खुर्ची दाखवायची होती. मोठे साहेब तसबिरीला हार घालायला उठले होते. त्यांची खुर्ची रिकामी. तुम्ही ती ओढून व्यासपीठाच्या पार कडेला आणली आणि तिच्यात बसलात.

मला आजही ते दिसतं. साहेब हातात हार घेऊन उभे, आणि त्यांच्या खुर्चीत आमचे मास्तर, धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलेलं, हात पुढं करून लाटेला सांगताहेत, "थांब! मी राजा आहे!" तुमचे डोळे कुठं दूर लागलेले. साहेब उभे आहेत हे तुमच्या गावीही नव्हतं. जी जागा गोष्टीला लागते ती जागा तुम्ही घेतलीत, जसं घरी सरूचा पाटा उचलून त्याचं लंडन करायचात.

लाट काही थांबली नाही, राजाचे पाय भिजले, दरबाऱ्यांची तोंडं बंद झाली. आणि वर म्हणालात, "हा राजा इंग्रज नव्हता. बाहेरून आलेला होता. पण शहाणा होता."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळी शाळा हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. रावसाहेब मात्र हसले नाहीत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला सांगितलं गेलं, बादशहाची थट्टा केली म्हणून दिलगिरी लिहून द्या. तुम्ही म्हणालात, थट्टा केलीच नाही तर दिलगिरी कशाची? मी तर त्या राजाची स्तुती केली. रावसाहेबांना ते पटेना. खरं सांगतो, मलाही पटलं नव्हतं. मला वाटलं, काय डोकं चालवलं माणसानं! भर सभेत साहेबाच्या खुर्चीत बसून साहेबाच्या राजाला पाण्यात बुडवलं, आणि वर साळसूदपणे म्हणतो, स्तुती केली. नोकरी गेली त्याचं मला दुःख झालं, पण छाती हातभर फुगलेलीही होती. शेलूबाजारच्या बाजारात मी वांगी कमी विकली आणि तुमची गोष्टच जास्त विकली.

म्हणूनच गावातली खादीवाली मंडळी आली तेव्हा मला अंगण अपुरं झालं. त्यांनी सभा ठरवली. त्यांची नवी शाळा निघायची होती, तिथं इतिहासाला तुमच्याशिवाय दुसरं नाव नव्हतं. सरूनं पुरण घातलं होतं. झेंडूचा हार मी आपल्या हातानं ओवला, आपल्याच मळ्यातला झेंडू. पुढाऱ्यानं तो तुमच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "या वीरानं भर दरबारात बादशहाची टर उडवली!" टाळ्या. तुम्ही उभे राहिलात. हार काढलात. टेबलावर ठेवलात.

"मी बादशहाची टर उडवली नाही. मी एका शहाण्या राजाची गोष्ट सांगितली. जे मी केलं नाही, त्याचा हार तुम्ही मला घालता आहात. कॅन्यूटचे दरबारी असंच करायचे."

मास्तर! मास्तर, कोणी सांगितलं होतं हो? त्या दिवशी नुसते गप्प बसला असता! हात जोडून खाली बसायचं होतं, बास. तुमच्या तोंडून खोटं एक अक्षर निघालं नसतं. लोक जे समजायचे ते समजले असते, तुम्हाला शाळा मिळाली असती, मुलं मिळाली असती, आणि त्यांना रोज खरा कॅन्यूट सांगता आला असता. रावसाहेब म्हणाले राजाचा अपमान केला, तर तुम्ही म्हणालात नाही. खादीवाले म्हणाले राजाचा अपमान केला, तर त्यांनाही म्हणालात नाही. अख्ख्या मुलखात दोन बाजू होत्या, आणि तुम्ही दोन्हीकडची दारं आपल्या हातानं लावून घेतलीत. घरी येऊन पुरणपोळी मात्र पोटभर खाल्लीत. मी खाल्ली नाही. माझा हार त्या टेबलावर राहिला होता.

मग तुम्ही आमच्या मळ्यात राहायला आलात. बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाला गाव काय म्हणतं, ते तुमच्या कानावर येत नव्हतं असं नाही. सरूच्या कानावर तर रोज यायचं, पाणी भरताना. ती घागर भरून यायची आणि आधी तुमचं ताट वाढायची. तुम्ही मेथीच्या जुड्या बांधायला शिकलात, सांभाराची हिरवी पानं निवडायला शिकलात, बैलबंडीत टोपल्या लावून माझ्यासोबत बाजारात बसायला लागलात. ज्या हातानं फळ्यावर इंग्लंडचा नकाशा काढायचात, त्या हातानं काकडीवर पाणी शिंपडायचात. माझा जीव जळायचा आणि तुम्ही मजेत! गिऱ्हाईक वांगं दाबून पाहायचं, आणि तुम्ही त्याला हॅरॉल्डच्या सैन्याचं पाऊल कुठं चुकलं ते सांगायचात. ते बिचारं वांगं तसंच टाकून निघून जायचं.

आणि मी कॅन्यूट सांगायला लागलो की तुम्ही टोपल्यांच्या मागून लक्ष ठेवून असायचात. माझ्या गोष्टीत राजा मूर्ख होता. तो खरंच समजायचा की समुद्र त्याचं ऐकेल. लाट यायची, खुर्ची उलथायची, राजा पालथा, मुकुट वाहून जायचा, आणि बाजार हसून लोळायचा. सगळ्यांना ठाऊक असायचं मी कोणत्या राजाबद्दल बोलतोय.

"दाजी," मागून आवाज यायचा, "राजा पडला नाही."

"मास्तर, पडला असता त तुमचं काय जात होतं?"

"तो पडाले नव्हता बसला. दाखवाले बसला होता."

"काय दाखवाले?"

"का राजा माणूसच असते. एवढंच. हे कयलं म्हणजे सगळं कयते."

गंमत पाहा, आपण दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. जऊळक्याहून गाडी धरली की अकोला, तिथून पुढं मुंबई, आणि मुंबईला समुद्र आहे, एवढी आपल्याला पक्की बातमी. पण ज्या पाण्यावरून आपण भांडलो ते पाणी दोघांनाही माहीत नव्हतं. एकदा तर तुम्ही मला भरती समजावून सांगायला वाफ्यात उभं केलंत, मोटेचं पाणी पाटातून येत होतं, तुम्ही त्याच्या वाटेत बसलात आणि म्हणालात, "आता थांबवा." मी फावड्यानं मातीचा एक गोळा टाकला. पाणी थांबलं. "झालं," मी म्हणालो, "तुमच्या राजाजवळ फावडं नव्हतं काय?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. सरू बांधावरून ओरडली, "अवो, थे पिठलं थंडं झालं! खाऊन घ्या आधी, मंग बुडवा एकमेकाले!"

आपली जेवणं कधी गरम झालीच नाहीत, मास्तर.

शेवटचंही तसंच. ताप भरलेला, बाज आंब्याखाली टाकलेली, दुपार कलती. सरूनं कण्या आणून ठेवल्या होत्या. तुम्हाला जरा हसवावं म्हणून मी कॅन्यूट काढला. राजा पडायच्या आतच तुम्ही हात वर केलात.

"दाजी, शेवट तुमी कधीच सांगत नाही."

"कोणता शेवट?"

"राजा घरी गेला. त्यानं मुकुट काढून ठेवला. मंग तो कधी घातला नाही."

"ते सांगतलं का गोष्टीतली मजा जाते."

"तेच त गोष्ट हाय."

मी उत्तर शोधत होतो. चांगलं झणझणीत. सुचेना. म्हटलं, उद्या सुचेल. सरू म्हणाली, "दादा, दोन घास खाऊन घे, ह्यायचं काय, हे बोलतच राह्यतीन." तुम्ही म्हणालात, खातो. कण्या तशाच राहिल्या. सकाळी तुम्ही नव्हता.

उत्तर मला चौथ्या दिवशी सुचलं. ते आता ऐका, कारण ते घेऊन मी फिरतोय आणि ते खाली ठेवायला जागा नाही. कॅन्यूटनं मुकुट काढून ठेवला, ठीक आहे. पण मुकुट काढून तो राजाच राहिला ना! त्याला राजवाडा होता, स्वैपाकी होता, दुसऱ्या दिवशी दरबारी पुन्हा वाकलेच असतील. तुम्ही काढून ठेवलात तेव्हा तुम्हाला काय राहिलं? मेव्हण्याची बाज आणि वांग्याची टोपली. राजाचा शहाणपणा राजाला परवडतो, मास्तर. इतिहासाच्या मास्तरला परवडत नाही. सांगा, काय म्हणणं आहे? आता का गप्प? हार गळ्यात होता तेव्हा गप्प बसता आलं नाही, आणि आता मी विचारतोय तर गप्प!

बसायला रावसाहेबही आले होते. मोटारीतून उतरले, रुमाल डोळ्याला लावला, म्हणाले, "आमच्या शाळेचं रत्न हरपलं." आमच्या शाळेचं! मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला तो असा आपटून, की अर्धं पाणी त्यांच्या बुटावर. माझ्या हातून इतिहासात एवढंच घडलं. खादीवालेही आले. पुढारी म्हणाला, "बादशहाची टर उडवणारा पहिला मास्तर." दोघं एकाच सतरंजीवर बसले होते, दोघं चुकीचं बोलत होते, आणि दोघांच्याही बोलण्याला अंगणातली माणसं माना हलवत होती. त्याच अंगणात मी आल्फ्रेडच्या डोळ्यात बाण मारला. म्हणजे तुमच्याबद्दल धडपणे बोलणारा तिथं एकही नव्हता, माझ्यासकट.

दहाव्याला नदीवर गेलो. तुमचा इंझोरीचा चुलतभाऊ विधीला बसला होता. पळसाच्या पानावर पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरलो. बाया पलीकडे बाभळीखाली थांबल्या होत्या. कावळा आला, दगडावर बसला, पिंडाकडे पाहिलं आणि मान फिरवली. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, कबूल करा. चुलतभाऊ म्हणाला, "दरसाल श्राद्ध घालीन." कावळा हलला नाही. रावसाहेब पुढं झाले, "शाळेत तुमची तसबीर लावू." कावळ्यानं चोच पुसली. पुढारी म्हणाला, "वाचनालयाला तुमचं नाव देऊ." कावळ्यानं त्यांच्याकडे पाठ केली. तुम्हाला खरं सांगतो, त्या दहा दिवसांत मला तेवढाच आनंद झाला. मनात म्हटलं, शाबास, खाऊ नका यांच्या हातचं.

पण ऊन चढलं. कावळा पिंडाला शिवेना. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तुमची इच्छा काय राहिली होती ते मला एकट्याला माहीत होतं, आणि ती सगळ्यांसमोर म्हणायची म्हणजे माझी एवढ्या वर्षांची बाजारातली गोष्ट पाण्यात जाणार होती. तरी पुढं झालो. हात जोडायला गेलो आणि ते जोडले गेले नाहीत, वर गेले. मी ओरडायला लागलो.

"हो मास्तर! राजा शहाणा होता! घ्या! राजा पडला नाही! खुर्ची उलथली नाही! त्यानं मुकुट काढून ठेवला, अन् आता मी तसंच सांगीन, भर बाजारात सांगीन, लोक हासो का न हासो! आयकलं? पण राजा शहाणा होता म्हणून तुमी शहाणे नाही होत! तुमी त्या दिवशी हार घालून गप्प बसाले पायजे होतं! हे मी मरेपर्यंत म्हणीन, याच्यात मी हटत नाही! आता खा!"

कावळा दचकून उडाला. बाभळीकडे गेला. लोक माझ्याकडे असे पाहायला लागले, की आता आणखी एक पिंड मांडावा लागतो की काय. रावसाहेबांना कोणता राजा ते समजलंच नाही. चुलतभावानं दर्भाचा कावळा करायला घेतला. मी वाळूत खाली बसलो. तुमची सगळी वर्षं माझ्या समोरून जात होती, जळक्या भाकरीपासून त्या कण्यांपर्यंत, आणि मला एकदम वाटलं, या माणसानं मला जन्मात एकदाही कंटाळा येऊ दिला नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही मोठ्यानं म्हणालो नाही.

मान वर केली तर कावळा पिंडावर होता. चांगला ऐटीत, दोन पायांवर, पोटभर खात होता.

घरी येताना बंडीत मी सरूला म्हणालो, "पाह्यलं? एवढ्या जणायनं कबूल केलं त आला नाही. मी राजा शहाणा म्हणलं, अन् आला."

ती बैलांच्या पाठीकडे पाहत होती. डोळे सुजलेले. मान न वळवता म्हणाली, "तुमच्यानं कायले येईन तो? तुमच्या वरडण्यानं त उडाला. माह्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला होता. मी म्हणलं त्याले, दादा, ह्यायचं काही सरत नाही. तू खाऊन घे."